आई-बाबांना घेऊन फेब्रुवारीत ट्रॉम्सो : नॉर्दर्न लाइट्ससाठी किती रात्री ठेवाव्यात?

पायवाट

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी प्लीज हलवावा.

आई ६४ ची, बाबा ६८. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवायची. फळ्यावर कलती पृथ्वी काढायची, साडेतेवीस अंशात आस, आणि मग वर उत्तरेला सूर्य का मावळत नाही, का उगवत नाही हे समजावून सांगायची. मला पण तिनेच शिकवलंय, पाचवीत मी तिच्याच वर्गात होते. पण स्वतः कधी देशाबाहेर पाऊल टाकलं नाही. मागच्या दिवाळीत फराळ करता करता सहज विचारलं की आई तुला एकदा कुठेतरी नेते, कुठे जायचंय, मला वाटलं दुबई नाहीतर सिंगापूर म्हणेल, तर म्हणाली आर्क्टिक वृत्ताच्या वर ने, तो आकाशातला प्रकाश बघायचाय. झाऱ्यातली चकली तेलात सोडता सोडता म्हणाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर जायचं असं ठरतंय, नऊ रात्री हातात आहेत. एका टूरवाल्याने जो प्लॅन दिलाय त्यात नॉर्वेतलं ऑस्लो आणि ट्रॉम्सो, मग फिनलंडमधलं रोव्हानिएमी, हेलसिंकी आणि स्टॉकहोम असं सगळं आहे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी फारतर दोन रात्री. तो असंही म्हणाला की सूर्याचा जोर आता ओसरत चाललाय, यंदा गेला नाहीत तर पुढची अकरा वर्षं काही दिसणार नाही. हे खरं आहे का? मला घाई करवली जातेय असं वाटतंय.

बाबांना थंडीचं टेन्शन आहे, त्यांनी महाबळेश्वरच्या वर थंडी बघितलेली नाही. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो, जिने हळू चढते, सपाटीवर मात्र तासभर आरामात चालते. दोघं शाकाहारी. तर टूरबरोबर जावं की आपलं आपण, कपडे काय, आणि मुख्य म्हणजे ट्रॉम्सोला किती रात्री? जे जाऊन आलेत किंवा तिकडे राहतात त्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल, मी सगळं वाचून काढेन.

---

उत्तरेचा वारा

पायवाट, तुम्ही लांब लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. मी मूळचा साताऱ्याचा, नऊ वर्षं ट्रॉम्सोत आहे.

आधी त्या अकरा वर्षांचं. सूर्यावरच्या घडामोडींचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं हे खरं, आणि आत्ताच्या चक्राचा जोराचा काळ २०२४ च्या सुमाराला आला हेही खरं. पण जोराच्या काळात होतं काय, तर अरोरा, म्हणजे हेच नॉर्दर्न लाइट्स, खाली दक्षिणेकडे सरकतो, म्हणून मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेमधूनही लाल रंग दिसला होता. ट्रॉम्सो आहे जवळपास ७० अंशांवर. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती अरोराचं जे कडं असतं त्याच्या अगदी खालीच आम्ही राहतो, त्यामुळे सूर्य शांत असलेल्या वर्षांतही इथे दिसतो. मी आलो तेव्हा चक्र उतरणीला लागलेलं होतं आणि त्या पहिल्या हिवाळ्यात मी कितीतरी रात्री गच्चीत उभा राहून बघितलाय. ॲपमध्ये अरोराचा जोर सांगणारा केपी नावाचा आकडा दाखवतात, तो १ किंवा २ असला की मुंबईहून आलेली मंडळी हिरमुसून हॉटेलात बसतात. इथे १-२ पुरतो. म्हणजे घाई करायचं काहीही कारण नाही, पण फेब्रुवारीचा मध्य तुम्ही निवडलाय तो चांगलाच आहे, बदलू नका.

खरी अडचण सूर्याची नाही, ढगांची आहे. अरोरा होतो शंभर किलोमीटर आणि त्याच्या वर, ढग त्याच्या कितीतरी खाली. ट्रॉम्सो समुद्रावर आहे आणि अटलांटिकवरून येणारं कोमट पाणी या किनाऱ्याला लागून वर जातं, म्हणून एवढ्या वर असूनही जानेवारी-फेब्रुवारीत पारा बहुतेक वेळा उणे १० च्या वरच असतो, बंदर गोठत नाही. पण तेच पाणी ढग आणि बर्फ पण आणतं. सलग तीन-तीन रात्री काही दिसत नाही असं होतं. म्हणूनच दोन रात्री ठेवून जे येतात त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटतं, कारण एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि वर नुसता राखाडी पत्रा. मागच्या वर्षी नागपूरचं एक कुटुंब भेटलं, आजोबांना घेऊन आले होते, दोन्ही रात्री ढग, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान गेलं आणि त्या रात्री दहा वाजता सगळं आकाश पेटलं. मला त्या रात्री धड बघवलं नाही.

तर माझं सांगणं एकच, गावं कमी करा आणि रात्री वाढवा. नऊपैकी किमान पाच रात्री ट्रॉम्सो, सहा ठेवल्यात तर उत्तम. ऑस्लोला येता-जाता एकेक. बाकी हेलसिंकी, स्टॉकहोम हे सगळं उन्हाळ्यात बघा, तेव्हा ती शहरं खरंच सुंदर असतात, फेब्रुवारीत आई-बाबांना तिथे ओल्या बर्फातून बॅगा ओढायला लावू नका.

पाच-सहा रात्रींपैकी दोन रात्री गाईडची मिनीबस घ्या. ही मंडळी संध्याकाळी सहा-सातला निघतात, ढगांचा नकाशा बघून ठरवतात कुठे जायचं ते, समुद्राकडे ढग असतील तर आत स्किबोटनच्या दिशेला जातात, ते कोरडं खोरं आहे, किंवा आणखी पुढे फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीपर्यंत, म्हणजे एका बाजूने अडीच-तीन तास. जाड थर्मल सूट आणि बूट देतात, शेकोटी करतात, रात्री एक-दोनला परत. दमणूक होते पण गाडीत हीटिंग असतं आणि आई-बाबांना गाडीत बसून राहता येतं, प्रकाश दिसला की उतरायचं. बुक करताना दोन गोष्टी विचारा, गाडीत टॉयलेट आहे का आणि ग्रुप किती जणांचा. पन्नास जणांच्या मोठ्या बसपेक्षा आठ-पंधरा जणांची गाडी घ्या, पैसे जास्त जातील पण या वयात सोय महत्त्वाची. आणि दोन्ही ट्रिपा पहिल्या दोन रात्रींना बुक करून टाकू नका, एक सुरुवातीला, दुसरी हवामान बघून. हवामानासाठी इथे सगळे 'वायआर' ॲप वापरतात, नॉर्वेच्या हवामान खात्याचंच आहे, फुकट आहे, आत्ताच उतरवून घ्या.

बाकीच्या रात्री आकाश मोकळं असेल तर गावातूनसुद्धा दिसतो. गाव ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावर प्रेस्टव्हानेट नावाचं तळं आहे, दिवे कमी, तिथे आम्ही मुलांना घेऊन जातो. दक्षिण टोकाला टेलेग्राफबुक्ताचा समुद्रकिनारा आहे, तो सपाट आहे, आईंच्या गुडघ्याला तोच बरा.

आता बाबांना सांगा, थंडीला घाबरायचं नाही, घाबरायचं पायाखालच्या बर्फाला. इथे पारा शून्याच्या खालीवर होत राहतो, त्यामुळे पडलेल्या बर्फावर पाऊस पडतो, आणि रात्री तो गोठून रस्ता काचेसारखा होतो. मुख्य रस्त्याच्या काही भागात फुटपाथखाली हीटिंग आहे, बाकीकडे खडी टाकतात, पण हॉटेलच्या दारापासून बसस्टॉपपर्यंतचे जे शंभर पावलं असतात ना, तिथेच माणसं पडतात. आल्या दिवशी पहिलं काम म्हणजे खेळाच्या सामानाच्या दुकानातून बुटाला लावायचे खिळे घ्या, इथे त्याला 'ब्रोडर' म्हणतात, रबराचा पट्टा असतो आणि खाली लोखंडी टोकं, बुटावर चढवायचे की झालं. इथल्या म्हाताऱ्या बायका वाण्याकडे जाताना पण घालून जातात. दुकानात किंवा म्युझियममध्ये शिरताना मात्र काढायचे, नाहीतर फरशीवर उलटे घसरतात. चालताना छोटी पावलं, सपाट, गुडघे थोडे सैल, हात खिशात अजिबात नाही.

आणि दिवस. फेब्रुवारीच्या मध्याला साधारण सात तास उजेड असतो. दिवसांचा नीट विचार करा, कारण रात्र हातात नाही पण दिवस आहे. पोलार म्युझियम बघा, नान्सेन, अमुंडसेन या ध्रुवांवर गेलेल्या संशोधकांच्या मोहिमांचं सामान आहे, भूगोलाच्या बाईंना तिथून बाहेर काढणं कठीण जाईल. जून १९२८ मध्ये अमुंडसेन इथूनच विमानाने निघाला, दुसऱ्याच्या शोधासाठी, आणि परत आला नाही. केबलकारने स्टोरस्टाइननला जा, ४२१ मीटर, चार मिनिटात वर, तिथून पूल, बेट, सगळं हातावर ठेवल्यासारखं दिसतं, वारा फार असेल तर बंद ठेवतात म्हणून दिवस राखून ठेवा. पुलाच्या पलीकडे १९६५ चं आर्क्टिक कॅथेड्रल आहे, पांढरं, बाजूला बाजूला ठेवलेल्या त्रिकोणांसारखं. आणि थंडी वाजली, पाय दुखले तर सरळ सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा, मोठ्या काचा, उबदार, फुकट, कुणी काही विचारत नाही.

सामी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांच्या रेनडिअरच्या छावणीला एक दिवस द्याच. ही जनावरं रानटी नसतात, प्रत्येकाला मालक आहे. त्यांना खायला घालता येतं, लाव्हूमध्ये म्हणजे त्यांच्या तंबूत शेकोटीपाशी बसवतात, जोइक म्हणजे त्यांचं पारंपरिक गाणं गाऊन दाखवतात. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच कळवा, वेगळं सूप देतात. आईंना एक सांगा, रेनडिअरच्या डोळ्यांतला आतला थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो.

विभाग सोडून एक. आमच्याकडे साधारण २७ नोव्हेंबरला सूर्य जातो तो १५ जानेवारीच्या आसपास परत क्षितिजावर येतो, म्हणजे बरोबर संक्रांतीला. डोंगर आडवे असल्यामुळे गावात प्रत्यक्ष दिसायला २१ तारीख उजाडते, त्या दिवशी शाळेतली मुलं सूर्य बघायला बाहेर जातात आणि सगळं गाव जॅम भरलेले गोड बन खातं, 'सूलबोलर', सूर्याचे बन. आम्ही घरी त्याच दिवशी तिळगूळ वाटतो. शेजारच्या आजींना आता तो पाठ झालाय, जानेवारी लागला की विचारतात तुझे ते तिळाचे लाडू कधी.

---

कोकणकडा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, विशेषतः बर्फाबद्दल. मी आईला घेऊन गेले होते, ती तेव्हा ६६ ची, त्यामुळे हा धागा बघितल्यावर राहवलं नाही.

आमच्याकडून एक चूक झाली ती सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. पहिल्याच संध्याकाळी टॅक्सीतून उतरलो, हॉटेलच्या दारात दिव्याखाली नुसता ओला दिसणारा तुकडा होता, बर्फ पांढरा असतो एवढंच आम्हाला माहीत, हा काळा होता. आईने पाऊल टाकलं आणि हातावर पडली. मनगट फ्रॅक्चर. खिळे उद्या घेऊ म्हटलं होतं. विमानतळावरच बॅगेतून काढून बुटाला लावायला हवे होते, म्हणून मी तर म्हणेन पुण्या-मुंबईतच ट्रेकिंगच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवून बरोबर न्या. रात्री ११६११७ ला फोन केला, तो तातडीच्या डॉक्टरचा नंबर आहे, ॲम्ब्युलन्सचा ११३, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. दीड तासात प्लास्टर घालून परत. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोचा मेडिकल विमा काढावाच लागतो, तोच कामी आला, पण सगळ्या पावत्या जपून ठेवा आणि पॉलिसी घेताना वयाची अट आणि आधीचे आजार हे दोन रकाने नीट वाचा, स्वस्तातली बघून क्लिक करू नका.

आईने मात्र परत जायचं नाही म्हणून ठणकावलं. प्लास्टर हातमोज्यात जाईना म्हणून माझा लोकरीचा मोजा, पायातला, तिच्या हातावर चढवला. त्या हाताने तिने पुढचे पाच दिवस काढले.

कपड्यांचं आमचं जे शेवटी जमलं ते असं. अंगाला लागून लोकरीचं, मेरिनो असेल तर फारच छान, सुती बनियन अजिबात नको, घाम आला की तो ओलाच राहतो आणि मग थंडी हाडात शिरते. त्याच्यावर फ्लीस किंवा घरातला जुना विणलेला स्वेटर, आईने आजीने विणलेला नेला होता आणि तोच सगळ्यात गरम निघाला. त्याच्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पायात एकच जाड लोकरीचा मोजा आणि बूट एक नंबर मोठा, दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि बोटं गार पडतात, हे मी स्वतः भोगलंय. कान झाकणारी टोपी, गळ्याला बफ. मफलर आपला नेहमीचा पण चालतो. मोठ्ठं जॅकेट इथून विकत घेऊ नका, परत वापरणार कधी, तिकडे ट्रिपवाले सूट देतात ते पुरतात. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, नाहीतर बॅटरी बघता बघता शून्यावर येते. चष्मा असेल तर टोपी-बफमधून श्वास वर जाऊन काच धुरकटते, पातळ फडकं हाताशी ठेवा.

आणि आता ती रात्र. चौथ्या रात्री दिसला, पहिल्या तीन कोऱ्या. किल्पिसयार्वीजवळ गोठलेल्या तळ्यावर उभं केलं होतं. सुरुवातीला मला वाटलं ढगच आहे, फिकट पांढुरकी पट्टी, पहाटे नदीवर धुकं असतं तशी, हिरवं वगैरे काही नाही, कॅमेऱ्यात मात्र हिरवी दिसत होती. हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, अंधारात आपल्या डोळ्याला रंग कमी कळतो, फिकट असेल तर राखाडीच दिसतो, फोटोसारखं दिसेल ही अपेक्षा ठेवली की मन खट्टू होतं. गाईड म्हणाला थांबा. वीसेक मिनिटं थांबलो. मग ती पट्टी एका टोकाकडून उजळायला लागली, आणि एकदम हलली. आई म्हणाली, "अगं, कुणी नऊवारी वाळत घातलीय बघ." आणि खरंच तसंच, दोरीवर टाकलेलं लांबच लांब लुगडं वाऱ्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुगत जावं तसं, हिरवं, आणि खालचा काठ जांभळा-गुलाबी. काठ सुद्धा होता हो! आवाज काही नाही, एवढं मोठं काहीतरी डोक्यावर हलतंय आणि टिपूससुद्धा आवाज नाही, तेच मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. पाच-सहा मिनिटं. मग परत धुकं.

मी फोटो काढत बसले नाही, दोनच काढले. आईचा हात धरून उभी राहिले. तुम्हीही तसंच करा असं मनापासून सांगते, गाईड फोटो काढून देतातच.

---

रेल्वेखुळा

फार छान माहिती. एक पर्याय सुचवतो, आकाश मोकळं मिळण्यासाठी. स्वीडनमधलं आबिस्को.

ट्रॉम्सोहून बसने नार्विक, चार तासांच्या आसपास, आणि नार्विकहून रेल्वेने दीड-दोन तासात आबिस्को. ही रेल्वे किरुनाच्या खाणीतलं लोखंड नार्विकच्या बंदरात न्यायला बांधलेली, १९०२-०३ मध्ये सुरू झाली, अजूनही मालगाड्या धडधडत जातात. नार्विक सोडलं की गाडी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, कडेकडेने वर चढत जाते, खाली पाणी, वर कडे, बोगदे, जरा आपला कर्जत ते खंडाळा घाट आठवतो, फक्त हिरव्याच्या जागी पांढरं आणि काळं. उजेडातली गाडी पकडा आणि नार्विकहून निघताना डाव्या हाताला बसा.

आबिस्को डोंगरांच्या पावसाच्या सावलीत आहे, जसं महाबळेश्वरला धो धो आणि पुढे माणदेश कोरडा, अगदी तोच प्रकार, ढग नॉर्वेच्या बाजूला रिकामे होतात आणि इकडे येईस्तोवर कोरडे. वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ सगळं मिळून. शेजारी टोर्नेट्रेस्क हे सत्तर किलोमीटर लांब तळं, फेब्रुवारीत पूर्ण गोठलेलं. पुष्कळदा आजूबाजूला ढग आणि तळ्यावर मोकळा तुकडा असं असतं. नॅशनल पार्क १९०९ चं. मी तिथे तीन रात्री होतो, तीनपैकी दोन रात्री दिसला.

फक्त थंडी खरी. उणे १५-२० सहज, त्याच्याही खाली जातो. पण कोरडी थंडी, वारा नसेल तर ट्रॉम्सोच्या ओल्या उणे तीनपेक्षा मला ती बरी वाटली, आणि बर्फ कोरडा, कुरकुर वाजणारा, घसरत नाही. गाव अगदी चिमुकलं, एक दुकान, राहायची जागा मोजकी, जेवणाचं आधी ठरवून घ्यावं लागतं. दवाखाना किरुनाला, म्हणजे नव्वदेक किलोमीटर. त्यामुळे पायवाट, तुमच्या आई-बाबांसाठी ट्रॉम्सो चार आणि आबिस्को दोन असं करता येईल, पण प्रवासाचा एक अख्खा दिवस जाईल प्रत्येक वेळी, ते तुम्हीच ठरवा.

---

भटकी चप्पल

मी सरळ वेगळंच सांगते, सप्टेंबरचा शेवट का नाही? अंधार पडतो, अरोरा दिसतो, पारा शून्याच्या वर, रस्त्यावर बर्फ नाही, गुडघ्याचा प्रश्नच मिटला. बर्च झाडं पिवळी धमक झालेली असतात. आम्ही २३ सप्टेंबरला गेलो होतो. तळी गोठलेली नसतात त्यामुळे पाण्यात खाली पण दिसतो. आणि देवमासे बघायचे असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हा हेरिंग माशांच्या मागे ओर्का आणि हंपबॅक जातीचे देवमासे फ्योर्डमध्ये येतात, शेर्व्हॉयच्या आसपास. फेब्रुवारीत ते निघून गेलेले असतात, कुणी दाखवतो म्हणालं तर नीट चौकशी करा.

---

उत्तरेचा वारा

@भटकी चप्पल, सप्टेंबरचं अगदी बरोबर आणि ज्यांना बर्फाचं काही नाही त्यांनी खरंच तेव्हाच यावं. पण यांच्या आईंना बर्फ बघायचा असणार, म्हणून मी सुचवलं नाही. @रेल्वेखुळा, नार्विकची लाइन मी कितीदा केली तरी खिडकी सोडवत नाही.

---

पायवाट

काय लिहू, तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंय. काल रात्री सगळे प्रतिसाद आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. कोकणकडा ताई, नऊवारीपाशी आई गप्प झाली आणि मग म्हणाली परत वाच. आणि हो, तिला बर्फ बघायचाच आहे, सप्टेंबरला तिने लगेच मान हलवली.

टूरवाल्याला नाही कळवलं. ऑस्लो १, ट्रॉम्सो ७, परत ऑस्लो १. आबिस्को बाबांना फार आवडलं रेल्वेमुळे, पण दवाखाना नव्वद किलोमीटरवर हे वाचून मीच नको म्हटलं, त्याऐवजी नार्विकपर्यंत जाऊन तो प्रवास करता येतो का ते बघते. खिळे मागवले, आले पण, आई गच्चीत घालून चालून बघतेय, खालच्या काकू वर आल्या विचारायला की आवाज कसला.

आता दोन प्रश्न राहिले. एक, बरोबर खायला काय आणता येतं? आईने तुपाची बरणी काढून ठेवलीय. दोन हा आईचाच आहे, तिच्याच शब्दात : "१५ फेब्रुवारीला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला पावणेतेरा अंशांच्या आसपास असतो. ट्रॉम्सो ६९.६ वर. म्हणजे नव्वदातून दोन्ही वजा केले तर भर दुपारी सूर्य क्षितिजावर साडेसात-आठ अंशच. मग डोंगर आडवे येत असतील तर तो दिसतो कुठून?" कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने केलंय सगळं, मी फक्त टाइप केलं.

---

उत्तरेचा वारा

आईंना माझा नमस्कार सांगा. गणित बरोबर आहे.

आधी तूप. नाही आणायचं. युरोपाबाहेरून नॉर्वेत दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे, चीज काही नाही. इथे लोणी चांगलं मिळतं, अर्धा किलो घेऊन खोलीत कढवा, पंधरा मिनिटात तूप. त्यासाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्या, सात रात्रींना हॉटेल परवडणार पण नाही आणि बाहेर जेवण इतकं महाग आहे की बाबा मेन्यू बघून उठतील. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे, चकल्या, हे आणा. तांदूळ, डाळी, कोथिंबीर, भेंडीसुद्धा इथल्या आशियाई दुकानात मिळते, कांदे-बटाटे कुठेही. रात्री दोनला थंडीतून परत आल्यावर मेतकूट-भात, त्याच्यावर ते ताजं तूप, याच्यासारखं दुसरं काही नाही. नळाचं पाणी सरळ प्या, बाटल्या विकत घेऊ नका. थर्मास मात्र आणा, चांगला मोठा.

नार्विक एका दिवसात जाऊन येऊन फार ओढाताण होईल, जायचं तर तिथे एक रात्र काढा.

आता सूर्य. डोंगर आडवे येतात ते गावाच्या मध्यात आणि पूर्वेकडच्या घरांना. १५ तारखेला आमच्या घड्याळात बाराच्या सुमाराला सूर्य बरोबर दक्षिणेला येतो, तेव्हा टेलेग्राफबुक्ताच्या किनाऱ्यावर उभं राहायचं, तिथून दक्षिणेकडे बऱ्यापैकी मोकळं आहे. ऊन अंगावर पडतं पण दुपार वाटत नाही, सगळं पाच-साडेपाचच्या उन्हासारखं तिरकं आणि पिवळं. लोकमान्यांनी ऋग्वेदातल्या लांबत जाणाऱ्या उषांवरून उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन जो विचार मांडला, तो पटो न पटो, इथे पहिल्या जानेवारीत मला रोज तोच आठवायचा, कारण तांबडं फुटायचं आणि दोन-तीन तास फुटतच राहायचं.

शाळेत काठी रोवून सावली मोजायला लावायचे ना, तो प्रयोग इथे आईंनी स्वतःवरच करावा. साडेसात अंशांवर पाच फूट उंचीच्या माणसाची सावली सदतीस-अडतीस फूट पडते. बर्फ सपाट असला की निळसर, स्वच्छ दिसते, पार पाण्यापर्यंत जाते. तारीख आणि राहायचा भाग नक्की झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी त्या दिवशी बाराच्या आधी किनाऱ्यावर येतो, मोजपट्टी घेऊन.